टाच कुणी बघायची

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मिस्त्रीचं डोकं एका शिलाई मशीनच्या पोटात होतं. मशीन उताणं पडलेलं, खालचं झाकण काढलेलं. तारेच्या दांड्याला बसवलेला नाण्याएवढा आरसा आत घालून मिस्त्री बघत होता, खालचा दोरा पकडणाऱ्या शटलची चोच सुईच्या किती जवळून जाते. मशीन टाके सोडतंय अशी तक्रार होती. चोच जागेवर होती. सुई वाकलेली नव्हती. तरी टाका का सुटतो ते मिस्त्रीला उमगत नव्हतं, कारण तो बघत होता मशीनकडे आणि विचार करत होता स्वतःच्या डाव्या टाचेचा.

समोरच्या दुकानातला शिंपी हातातला कप घेऊन रस्ता ओलांडून आला आणि दाराला टेकून उभा राहिला.

“काय रे, ऐकलं ते खरं का?”

“काय ऐकलंस?”

“बायको बदललीस म्हणे.”

“सकाळपुरती,” मिस्त्री मान वर न करता म्हणाला. “दुपारी जुनी परत मिळते.”

“नशीबवान आहेस बाबा. आमच्याकडे ही योजना अजून पोचली नाही.”

शिंपी हसत परत गेला. मिस्त्री हसला नाही. तो खाली वाकून व्हीलचेअरच्या पायपट्टीवर ठेवलेल्या आपल्या बुटाकडे बघत राहिला. बूट नेहमीसारखाच दिसत होता. आतलं काही कळायला मार्ग नव्हता.

मिस्त्रीला कमरेखाली काही जाणवत नाही. ऐन तरुणपणी, मशीनच्या गोदामात उमेदवारी करत असताना, तो माळ्यावरून पाठीवर पडला. पाय गेले, हात राहिले, आणि हातांकडून त्याने पायांचंही काम करून घेतलं. बिछान्यातून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीतल्या स्टुलावर, स्टुलावरून परत, असा तो वर्षानुवर्षं स्वतःला उचलत राहिला. मग उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, खांदा वजन उचलायला असतो, रोज उठून माणूस उचलायला नाही. तेव्हापासून बायको उचलते. त्यासाठी तिने औषधाच्या खोक्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडली. अपंगांच्या साहाय्य योजनेतून मदतनिसाचे पैसे दर महिन्याला येतात ते तिच्या नावावर. त्यावर घरभाडं भागतं. बाकीचं मशिनं भागवतात.

आता त्या योजनेत बदल होणार, असं कानावर आलं होतं. नक्की काय होणार, हे मात्र ज्याने त्याने वेगळं सांगितलं.

पहिली बातमी दिली सरांनी. सर गणिताचे मास्तर. जन्मापासून त्यांचे हात आणि मान त्यांचं ऐकत नाहीत, आणि शब्द तोंडातून बाहेर यायला वेळ घेतात. घरी बसून, संगणकाच्या पडद्यासमोर, ते शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेतात. त्यांचं सगळं थोरली बहीण बघते, आणि तिलाही त्याच योजनेतून पैसे मिळतात. मिस्त्री आणि सर यांची ओळख साहाय्य कार्यालयातल्या रांगेत झाली, म्हणजे रांग पुढे गेली आणि चाकाच्या खुर्च्या दाराजवळच्या कोपऱ्यात राहिल्या तेव्हा. सरांनी मसुदा वाचला होता आणि त्यांचं म्हणणं असं, की यापुढे नातेवाइकाला मदतनीस म्हणून पैसे मिळणार नाहीत. मदतनीस बाहेरचा हवा.

मिस्त्रीचा मेहुणा मालगाडी चालवतो आणि सगळ्या विषयांत त्याला मत असतं. तो म्हणाला, बंदी फक्त रक्ताच्या नात्याला आहे. “बायको रक्ताची कुठे? रक्त पिणारी वेगळी.” व्हीलचेअरची चाकं बसवून देणारा म्हणाला, नात्याचा प्रश्नच नाही, एका छपराखाली राहणाऱ्यांना मिळणार नाही. यावर मिस्त्रीने बायकोकडे बघितलं. तिने विचारलं, “म्हणजे मी कागदावर वेगळं राहायचं, का खरंच?” कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं की अजून काहीच ठरलेलं नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही. मिस्त्रीला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याने लागली.

तोड काढली ती सरांच्या बहिणीने. तिला सगळे ताई म्हणतात, वयाने मोठे असलेलेही. ताई म्हणाली, “एवढं डोकं कशाला खाजवताय? मी मिस्त्रींची कोण? कुणी नाही. वहिनी ह्याच्या कोण? कुणी नाही. मी सकाळी तुमच्याकडे येते, वहिनींनी आमच्याकडे यायचं. झालो आम्ही बाहेरच्या. आता द्या म्हणावं पैसे.”

सगळ्यांना हे इतकं सोपं वाटलं की आधी कुणालाच कसं सुचलं नाही, याची लाज वाटली. सरांनी तेवढी अट घातली. नियम येण्याची वाट बघायची नाही, आठवडाभर करून बघायचं. आणि खरी परीक्षा द्यायची तर कॉपी करायची नाही. दुपारी एकपर्यंत कुणी आपल्या माणसाला फोन करून काही विचारायचं नाही. उद्या नियम आला आणि बायको कुठे कामावर असली तर ती काय फोन धरून बसणार आहे?

हा त्या आठवड्याचा पहिला दिवस होता.

ताई पावणेसातला आली. बायकोने पिशवी उचलली, दारापर्यंत गेली, मागे वळली आणि म्हणाली, “जपून.” ते कुणाला होतं, ताईला की मिस्त्रीला, हे दोघांनाही कळलं नाही. दार लागलं.

ताईने बाह्या सरसावल्या. “बोला मिस्त्री. सुरुवात कुठून?”

मिस्त्रीने तोंड उघडलं आणि त्याच्या ध्यानात आलं, की सुरुवात कुठून हे त्याला ठाऊक नाही. रोज सकाळी तो छताकडे बघत आज कुठलं मशीन आधी घ्यायचं याचा हिशेब करत असतो. त्या वेळात बायको काहीतरी करते आणि शेवटी तो खुर्चीत असतो. तो स्वतः चढायचा तेव्हा हातांचा एक हिसका पुरायचा; तिची रीत वेगळी होती, आणि मधलं काही त्याने कधी पाहिलं नव्हतं.

“पाय आधी खाली घेते ती,” तो म्हणाला.

“कुठला?”

“डावा,” त्याने ठोकून दिलं.

ताईने डावा पाय उचलला. उजवा पाय झटका देऊन हवेत गेला आणि शेजारच्या स्टुलावर ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला लागला. पाणी ताईच्या अंगावर, भांडं कपाटाखाली.

“हा लाथ मारतो होय? सांगायचं तरी.”

“मी नाही मारली. तो आपला आपण मारतो.”

“आमचा भाऊही हेच सांगतो. ह्या घरात आणि त्या घरात, गुन्हेगार कुणीच नाही.” ताईने चादरीला तोंड पुसलं. “आता पुढे?”

पुढे कमरेचा पट्टा कुठे बांधायचा, फळी बिछाना आणि खुर्चीच्या मध्ये कशी लावायची, खुर्चीचा अडसर लावलाय की नाही हे कुणी बघायचं, प्रत्येक गोष्ट ताईने विचारली आणि प्रत्येक गोष्टीला मिस्त्री आधी थांबला. त्याला मशीनचा प्रत्येक स्क्रू सांगता आला असता. स्वतःची जोडणी मात्र परक्या कारखान्यातली निघाली. तरी फळीवरून घसरत तो खुर्चीत आला. ताईने त्याच्या हातात शर्ट दिला आणि ती किटली बघायला आत गेली. परत आली तेव्हा त्याने शर्ट घातला होता, गळ्याच्या बटणासकट. बायको रोज गळ्याचं बटण लावते. का लावते हे त्याने तिला विचारलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं की तुम्हाला लावता येतं का.

मग मोजे. ताई जमिनीवर बसली, डावा पाय मांडीवर घेतला आणि थांबली.

“मिस्त्री, ही टाच अशीच असते का?”

“कशी?”

“इथे तपकिरी आहे. कडेला लालसर.”

“असेल.”

“असेल म्हणजे? तुमची टाच आहे ना?”

टाच काय करू शकते हे मिस्त्रीला माहीत होतं. अपघातानंतरच्या पहिल्या वर्षी त्याच्या कमरेवर असाच डाग आला होता. दुखत नाही म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. आठवडाभरात त्याची जखम झाली आणि एक अख्खा हिवाळा त्याने पालथं पडून काढला. त्यानंतरच इस्पितळातल्या नर्सने बायकोला शिकवलं, पाठ कशी बघायची, टाचा कशा बघायच्या, बोटाने दाबून काय पाहायचं. तेव्हाही तो पालथाच होता. दोघी त्याच्या पाठीवरून एकमेकींशी बोलत होत्या आणि तो उशीकडे बघत होता.

“फोन करू वहिनींना?” ताईने विचारलं.

“नको. एकनंतर.”

“नियम माझ्या भावाचा, टाच तुमची. बघा बुवा.”

त्याने बघितलं नाही. त्याला दुकान उघडायचं होतं.

आता नऊ वाजून गेले होते, मशीन टाके सोडत होतं, आणि एक वाजायला फार वेळ होता. मिस्त्रीने हातातल्या आरशाकडे पाहिलं. माणसाला जिथे डोकं घालता येत नाही तिथलं बघण्यासाठीच तो बनवलेला होता. त्याने दोन्ही हातांनी डावा पाय ओढून उजव्या गुडघ्यावर आणला. खांदा बोंबलला. बूट काढून टेबलावर ठेवला, मोजा सोडवला, आणि मशीनवरचा दिवा वाकवून आरसा टाचेखाली धरला.

तपकिरी डाग. कडेला लालसर. की दिव्याचाच रंग तसा होता? त्याने बोटाने दाबलं. दाबलं तिथे रंग गेला आणि परत आला. नर्स दाबण्याबद्दल काहीतरी म्हणाली होती. रंग गेला तर चांगलं, की गेला तर वाईट? उशीकडे बघत असल्यामुळे ते अर्धंच ऐकू आलं होतं. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. टाच आता त्याच्या समोर होती, उजेडात, अगदी स्पष्ट, आणि काल ती कशी होती हे आरशात दिसत नव्हतं.

“झालं का मशीन?” टाके सुटणाऱ्या मशीनची मालकीण दारात उभी होती. तिने टेबलावरचा बूट पाहिला. “बूटही दुरुस्त करता वाटतं?”

“नाही. हा माझा आहे.”

“मग माझं मशीन?”

“उद्या या.”

ती बुटाकडे बघत बघत गेली.

अकरा वाजता न राहवून मिस्त्रीने साहाय्य कार्यालयात फोन लावला. टाचेबद्दल तिथे विचारण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याने अदलाबदलीचं विचारलं.

“तुमची बायको त्यांच्याकडे आणि त्यांची बहीण तुमच्याकडे?” पलीकडचा कारकून म्हणाला. “आज सकाळपासून हे विचारणारे तुम्ही तिसरे.”

मिस्त्रीला जरासं वाईट वाटलं. कल्पना फक्त आपली आहे असं तो धरून चालला होता. “मग चालतं का?”

“चालत नाही असं कुठे म्हटलेलं नाही.”

“म्हणजे चालतं.”

“चालतं असंही म्हटलेलं नाही. साहेब, मसुदा आहे तो. सूचना मागवल्यात. महिनाअखेरपर्यंत तुमचं म्हणणं लेखी पाठवा.”

“काय म्हणणं?”

“ते आता मी कसं सांगू? तुमचं म्हणणं तुमच्याकडेच असणार ना.”

फोन ठेवल्यावर मिस्त्रीने आपलं म्हणणं शोधून पाहिलं. कालपर्यंत ते होतं, आणि सरळ होतं. माझं काम माझ्या बायकोशिवाय कुणाला जमणार नाही, तेव्हा पैसे तिलाच द्या. आज ताईने ते केलं होतं. पाण्याचं भांडं सोडलं तर नीट केलं होतं. मग लिहायचं काय, की कुणालाही जमतं? तसं लिहिलं तर भाडं गेलं, आणि बायको सहाच्या पाळीला कारखान्यात. आणि गळ्याचं बटण? ते कळवायचं की नाही? बटण लागतं म्हटल्यावर ते म्हणतील, मग उरलेलंही लागेल हळूहळू. पण न कळवणं म्हणजे खोटं बोलणं का? त्याने गळ्याचं बटण उघडलं, परत लावलं. लागत होतं.

एक वाजता त्याने बायकोला फोन केला. तिने उचलला नाही. एक वाजून पाच मिनिटांनी परत केला. दीड वाजता ती डबा घेऊन स्वतःच दुकानात आली.

“एवढे फोन कशाला? रस्त्यात होते.”

“डावी टाच बघ.”

तिने काही विचारलं नाही. डबा खाली ठेवला, खाली बसली, बूट काढला, मोजा काढला, दाबलं, सोडलं, पाय उजेडाकडे वळवला. सगळं मिळून शिंक येऊन जावी एवढाच वेळ.

“जुना आहे.”

“किती जुना?”

“बुटांची जोडी बदलली होती ना, ते कडक काळे बूट? तेव्हाचा. नर्सला दाखवला होता. हिवाळ्यात कड लाल होते, मग लाली जाते.”

“आणि मला कधी सांगितलं नाहीस?”

“सांगून काय करणार होतात? बघणार होतात?”

“बघितला. आज.” त्याने आरसा दाखवला.

बायकोने आरशाकडे बघितलं, मग टेबलावर उताण्या पडलेल्या मशीनकडे. “आणि दाबलं?”

“दाबलं. रंग जातो आणि परत येतो.”

“जायलाच पाहिजे. गेला नाही तर वाईट.” तिने मोजा चढवला. “एवढं ठाऊक नव्हतं?”

“मी पालथा होतो.”

ती हसली नाही, पण तिचं तोंड हसण्याच्या बेताला आलं. डबा उघडून तिने त्याच्यापुढे सरकवला. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला होता. भूक परत आली होती. जेवता जेवता त्याने विचारलं, “तिकडचं सगळं दहालाच आटपतं ना? एकपर्यंत काय करत होतीस?”

“बसले होते.”

“बसली होतीस?”

बायको दुपारच्या आत कुठे बसल्याचं त्याला आठवेना.

“सर एक विनोद सांगत होते,” ती म्हणाली. “दोन गणितं आणि एक मास्तर, असा काहीतरी. वेळ लागला. घरी ताई शेवट करून टाकतात म्हणे, त्यांना शेवटापर्यंत जायलाच मिळत नाही.”

“कसा होता?”

“ठीक होता.” तिने थोडा विचार केला. “पण पूर्ण होता.”

मिस्त्री घास चावत राहिला. आपण तिला कधी विनोद सांगितला होता का, हे तो आठवून पाहत होता.

“उद्याही जाते,” बायको म्हणाली.

“आठवडाभर जायचंच आहे.”

“नाही, आठवड्यानंतरही. नियम येवो न येवो. एखाद-दोन दिवस.”

“आणि पैसे?”

“पैशांचं तुम्ही आणि सर बघा. मी माझं सांगितलं.”

तिने रिकामा डबा उचलला आणि ती निघाली. दारात थांबून म्हणाली, “आणि उजवा पाय आधी. नेहमी उजवा. ताईंनी सगळं सांगितलं मला, सरांच्या दारात भेटल्या.”

ती गेल्यावर मिस्त्रीने परत मशीन पुढे ओढलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. सुई उलटी बसवली होती. खाच पुढे यायला हवी ती मागे होती. कुठलंही मशीन दुकानात आलं की तो सगळ्यात आधी हीच गोष्ट बघतो, झाकण काढण्याच्याही आधी. आज त्याने अख्खं मशीन उताणं करून पोट फाडलं होतं. त्याने सुई फिरवून बसवली, चिंधीवर शिवण मारून पाहिली. टाका सुटला नाही.

संध्याकाळी सरांचा फोन आला. महिनाअखेरच्या आत दोघांचं म्हणणं एकत्रच पाठवू, तू सांग, मी टंकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे मिस्त्रीला वाटलं की तसं आहे. सर “तू सांग” इथपर्यंत आल्यावर वाक्याचा शेवट मिस्त्रीनेच करून टाकला. मग सरांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पूर्ण वाक्य वेगळंच होतं. तू सांग, तुझी बायको उद्याही येणार आहे ना, असं त्यांना विचारायचं होतं.

“येणार आहे,” मिस्त्री म्हणाला.

“बरं,” सर म्हणाले. हा शब्द त्यांना चटकन येतो. मग त्यांनी विचारलं, कार्यालयाला काय लिहायचं.

मिस्त्रीने बराच वेळ घेतला. सरांनी घेऊ दिला.

“असं लिहा,” तो म्हणाला. “बाहेरचा असो की घरचा, कुणीही चालेल. पण काल टाच कशी होती ते त्याला माहीत पाहिजे.”

“हे कुठल्या कलमाखाली घालू?” सरांचा प्रश्न सावकाश आला, पण पूर्ण आला.

“ते मला काय माहीत? आणि ‘कुणीही चालेल’ हे राहू द्या तूर्त. नाही, ठेवा. नाही, सर, आज काहीच लिहू नका.”

महिना संपायला अजून अवकाश आहे. उद्या सकाळी ताई पावणेसातला येणार आहे आणि बायको त्यानंतर पाच मिनिटांनी सरांकडे निघणार आहे. त्याआधी, साडेसहाला, डाव्या टाचेपासून सुरुवात करून पाठ बघायची आहे, दोघांनी मिळून. त्यासाठी तारेच्या दांड्याचा आरसा आज दुकानातून घरी आला आहे आणि उशाशी ठेवला आहे. तो आता घरीच राहणार, तेव्हा उद्या दिवसभर दुकानातली कामं त्याच्याशिवाय करावी लागतील, कारण दुसरा आरसा परवा मिळेल.